गादीवरून उठताना

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात आप्पा नाहीत. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसांच्या रक्तातली साखर, त्यांचं चालणं आणि न चालणं, यावर मी चार बोटं जाडीचं बाड लिहिलं. त्यात तक्ते आहेत, आलेख आहेत, संदर्भांची तर रीघ लागली आहे. पण ज्या माणसाच्या बसण्यावरून मला हा विषय सुचला, तो माझा बाप त्यात औषधालाही सापडत नाही. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरच्यांचे आकडे धरायचे नाहीत. नियम बरोबरच आहे. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना तोच सांगते आणि तितक्याच खडूसपणे सांगते. तरीही त्या वर्षातलं मला जे आठवतं, त्यात आकडे थोडे आणि आप्पाच जास्त आहेत.

आमचं गाव नांदूरघाट. तिथल्या बाजारगल्लीत दोन्ही बाजूंना दुकानाला चिकटून दुकान. आमचं किराणा, आणि बरोबर समोर काकांचं कापडाचं. काका नात्यानं कुणी नव्हेत. आप्पांचे बालमित्र, आमच्याच समाजाचे, आणि मी बोलायला लागल्यापासून माझे समोरचे काका. प्रत्येक दुकानात हातभर उंचीचा ओटा, त्यावर गादी, गादीवर पांढरी चादर, मागे लोड आणि उजव्या हाताला गल्ला. मालक सकाळी मांडी घालून त्या गादीवर बसायचा तो दुकान बंद करतानाच उठायचा. गिऱ्हाइकाला हवं ते हात लांब करून द्यायचं, हात पुरला नाही तर नोकराला सांगायचं. घर दुकानाच्या मागेच, तरी जेवणाचं ताट गादीवर यायचं.

गादी रिकामी ठेवायची नाही, हा गल्लीचा नियम होता. लक्ष्मी दारात आली आणि गादीवर कुणी दिसलं नाही तर ती पुढच्या दुकानात जाते, असं आम्हाला सांगितलेलं. लक्ष्मीला दोन मिनिटं थांबता येत नाही का, असं मी विचारलं होतं आणि आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. गादीवर दुसरा पुरुष बसल्याशिवाय मालक उठत नसे. बाईनं तिथं बसायचं नाही, हा त्याच नियमाला जोडून आलेला दुसरा नियम. धपाटा घालणारी आईच एरवी म्हणायची, "समदी कामं बायकांची. निस्तं बसायचं काम निघालं की ते मात्र गड्यांचं."

आप्पांना भाऊ नव्हता. माझा भाऊ शिकायला म्हणून पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. त्यामुळे आप्पांची गादीपासून सुटका होण्यासारखी नव्हती.

मी विद्यापीठात व्यायामाचं शरीरशास्त्र शिकत होते त्याच सुमारास आप्पांची शुगर निघाली. आधी एक गोळी, मग दोन. पावसाळ्याच्या तोंडाशी केजच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत आकडा खाली आला नाही तर सुई सुरू करावी लागेल. सुई म्हणजे इन्सुलिन. माझ्या आजोबांना ते फार उशिरा सुरू झालं होतं, पायाची जखम चिघळल्यावर. त्यांचा पाय काढावा लागला आणि उरलेलं आयुष्य खाटेवर गेलं. औषधाचा त्यात काडीचा दोष नव्हता, पण आप्पांच्या डोक्यात क्रम पक्का बसला होता. आधी सुई, मग पाय, मग खाट. इन्सुलिननं कुणाचा पाय जात नाही, उलट वाचतो, हे मी त्यांना नाना परीनं समजावलं. ते पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "तुजं बरोबर हाय. पर मला सुई नको." तेवढं बोलताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या पावलाकडे जायचा. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

सरांच्या मनात बँकेतल्या कारकुनांवर अभ्यास करायचं होतं. मी म्हटलं, सर, बसणारी माणसंच बघायची असतील तर आमच्या गल्लीत चला. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली आणि तीवरच ते पाघळले. साखर तपासायची तर रक्त उपाशीपोटी घ्यावं लागतं. शहरातली माणसं हमखास चहा पिऊन येतात आणि वर सांगतात, फक्त चहाच घेतलाय. आमच्या गल्लीत बहुतेक सगळे लिंगपूजा करणारे. सकाळची अंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. पूजा आटोपली की पहिल्या घोटाआधी देवळात या आणि रक्त द्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्या सकाळी मला अजून आठवतात. महादेवाच्या देवळाचा सभामंडप, फरशी पायाला गार लागायची. एकेक जण यायचा, कपाळावर विभूतीचे ओले पट्टे, अंगावर धुतलेला सदरा. "शरणार्थ" असा आमच्यातला नमस्कार घालून समोर बसायचा आणि दंड उघडा करायचा. विभूतीचा वास आणि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळायचा. ज्यांच्या दुकानात मी लिमलेटच्या गोळ्या मागायला जायची, ती माणसं माझ्यापुढे डोळे मिटून, तोंड फिरवून बसायची. नंतर मी मोठमोठ्या प्रयोगशाळांतून काम केलं, पण इतकं सुखाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

गल्ली आली ती आप्पांमुळे. आप्पा असतील तर आम्ही येतो, असं सगळ्यांनी सांगितलं. सर म्हणाले, येऊ देत, पण आकडे बाजूला ठेवा. आणि आप्पा आले म्हणून समोरचे काका येणार नाहीत, अशी मला धास्ती होती.

कारण त्या दोघांचं बोलणं बंद होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नापासून. आमच्याकडे लग्नात मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधतात आणि माईकवरचा माणूस एकेकाचं नाव पुकारतो. पहिला फेटा कुणाला, हे वधूपित्यानं आधीच ठरवलेलं असतं. आप्पांनी काकांना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "पयला फेटा तुजा बे." ऐन वेळी एका पुढाऱ्याच्या गाड्या मांडवापुढे येऊन थांबल्या. माईकवाल्याचा आवाज चढला, लोक उठून उभे राहिले, आणि फेटे बांधणाऱ्यानं हातातला पहिला फेटा सरळ त्या पुढाऱ्याच्या डोक्याला गुंडाळला. काका पुढच्याच खुर्चीवर बसले होते. फेट्यासाठी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी टोपी उचलली, झटकली, परत डोक्यावर ठेवली आणि न जेवता घरी गेले. आप्पांनी त्या वेळी पुढाऱ्याला थांबवलं नाही, आणि नंतर जाऊन समजूत काढावी हे त्यांच्या मानी स्वभावाला जमलं नाही.

तेव्हापासून दोघं समोरासमोरच्या गाद्यांवर बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. गल्लीतून जाणाऱ्या कुत्र्यालाही हाक मारतील, पण समोर शब्द जाणार नाही. पूर्वी आप्पांना कुठे जायचं झालं की काकाच येऊन आमची गादी राखायचे, काकांना जायचं झालं की आप्पा तिकडे. तेही थांबलं. काकांचा मुलगा हाताशी आला होता, त्यामुळे त्यांचं अडलं नाही. आप्पा मात्र गादीला खिळले.

पण काका आले. "तुज्यासाटी आलोय," असं त्यांनी मला बजावून सांगितलं, आप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आमच्या अभ्यासात दोन गट होते. दोन्ही गटांनी कमरेला चालणं मोजणारा छोटा पट्टा बांधायचा. पहिल्या गटानं जेवणानंतर चालायचं आणि एरवीही बसणं मधूनमधून मोडायचं. दुसऱ्या गटानं दिवाळीपर्यंत नेहमीसारखं राहायचं, म्हणजे फरक कळतो. कुणी कुठल्या गटात जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. देवळातच चिठ्ठ्या उचलल्या. आप्पांना चालण्याची आली. काकांनी आपली चिठ्ठी उघडली, लांब धरून वाचली.

"नेहमीसारखं म्हंजी? मी काय करायचं?"

"काहीच नाही काका. रोजच्यासारखं बसायचं."

"ते मला जमंल," काका म्हणाले. सगळा मंडप हसला. आप्पाही हसणार होते, पण त्यांनी वेळीच खांबाकडे तोंड केलं.

मी पट्टे बांधून, सूचना देऊन विद्यापीठात परत गेले. काही आठवड्यांनी गावाहून आलेले वजनाचे आकडे बघून सर मला म्हणाले, "तुमच्या गल्लीतली चालणारी माणसं बसणाऱ्यांपेक्षा जाड व्हायला लागली आहेत. नेमकं काय चाललंय तिथं?" मी मिळेल ती एसटी पकडून गावी आले आणि दुपारी कुणाला न सांगता देवळाच्या पायरीवर बसून राहिले.

जेवणं झाली. भांडीवाले उठले, चपला घातल्या, गल्ली ओलांडून मिठाईवाल्यांच्या दुकानात गेले आणि त्यांच्या गादीवर बसले. मिठाईवाले उठून औषधांच्या दुकानात जाऊन बसले. औषधवाले भांड्यांच्या दुकानात. तिघेही चालणाऱ्या गटातले. एकही गादी रिकामी नव्हती. तिघांपुढे त्या त्या घरातून चहा आला, आमच्याकडे करतात तसा, साखरेत दूध पडल्यासारखा. मिठाईवाल्यांच्या गादीवर बसलेल्यांना वर दोन पेढे मिळाले. थोड्या वेळानं तिघे परत उठले आणि आपापल्या जागी आले. हे दिवसातून कितीदा होत असेल याचा विचार करूनच मला घाम फुटला.

मी मिठाईवाल्यांना गाठलं. ते बिचारे मनापासून चकित झाले. "तुमी म्हणलात उठा, उठलो. म्हणलात चाला, चाललो. गादी तर मोकळी ठिवता येत न्हाई."

"आणि चहा?"

"दुसऱ्याच्या गादीवर बसून चहाला न्हाई म्हणायचं? आवो, त्यो अपमान हाय."

मी चिडले होते. एवढी मेहनत आणि वर हे पेढे. पण त्यांचं काय चुकलं होतं, हे मला धड सांगताही येईना. पाहुणचाराला काय उत्तर द्यायचं, हे आमच्या सूचनांमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

आप्पांच्या पट्ट्यात मात्र असला काही घोळ नव्हता. त्यात जवळपास काही नव्हतंच. सकाळी घरातून दुकानात आणि रात्री दुकानातून घरात, बास.

"आप्पा, तुम्ही चालतच नाही."

"गादीवर कोन बसंल?"

"ते बाकीचे बघा कसे एकमेकांच्या..."

"माज्या गादीवर कुनीबी येऊन बसलेलं मला चालत न्हाई."

"मग मी बसते. चार दिवस इथेच आहे."

"तू न्हाई."

"कावून?" मी चिडले की माझी भाषा गावाकडे वळते.

"लेकीनं गादीवर बसायचं न्हाई."

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी माझा आवाज चढला. मी म्हटलं, देवळात सगळ्या गल्लीचं रक्त काढते ते चालतं, गादीवर बसलेलं चालत नाही. दिवाळी तोंडावर आली आहे, डॉक्टर सुई घेऊन बसलेत, तुम्हाला सुई नको आणि गादीही सोडायची नाही. आजोबांचा पाय बघितलाय ना तुम्ही. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. आप्पा गूळ तोलत होते. त्यांनी तराजूच्या काट्यावरची नजर काढली नाही. समोरच्या दुकानात कापडाचा तागा उलगडण्याचा आवाज थांबला होता. मी तशीच मागच्या घरात गेले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "उगी. त्यांचा पायच भ्यालेला हाय, तू आनि कशाला भेवडवतीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचं ताट उचलायला मी दुकानात आले तेव्हा समोरचे काका आमच्या दुकानाच्या पायरीशी उभे होते. त्यांनी चपला काढल्या, अगदी पूर्वी काढायचे त्या जागी, खांबाच्या बुडाशी.

"शरणार्थ," काका म्हणाले.

आप्पांनी वर बघितलं. इतक्या वर्षांनी कानावर पडलेला तो शब्द. "शरणार्थ," त्यांनी उत्तर दिलं.

"मला इद्यापीठानं बसायला सांगितलंय," काका म्हणाले. "हितं बसलो काय न्‌ तितं बसलो काय. उठा तुमी."

आप्पा एक हात गल्ल्यावर टेकून उठले. पायाला मुंग्या आल्या असणार, ते खांबाला धरून तसेच थांबले. काका ओट्यावर चढले, चादरीची सुरकुती हातानं सारखी केली आणि मांडी घातली. आप्पांनी मला विचारलं, "माज्या चपला कुटं हायत गं?" दिवसा त्यांना चपलांचं काम पडत नसे. त्या पोत्यांमागे सापडल्या, मी पदरानं पुसून दिल्या.

मी त्यांच्याबरोबर चालले. गल्ली संपली, शाळा मागे पडली, वडाच्या पारापाशी आम्ही वळलो. आप्पा दोन्ही बाजूंना बघत होते. हे घर कधी बांधलं, इथली विहीर कुठे गेली, असं विचारत होते. स्वतःच्या गावात पाहुणा आल्यासारखा माझा बाप चालत होता, आणि मला त्यांचा हात धरावासा वाटत होता. धरला नाही. बाजारात कुणी बघितलं असतं तर त्यांना आवडलं नसतं.

परत आल्यावर काका उठले आणि गादीकडे न बघताच म्हणाले, "दोन किलो साकर गेली. पव्ह्याचं पोतं फोडलंय." चपला घालून समोर गेले. आई दारात चहा घेऊन उभी होती, ती म्हणाली, "त्यांना तरी द्यायचा व्हता. त्यांच्या चिठ्ठीत साकर चालती."

मग ते रोजचं झालं. जेवण झालं की काका यायचे, आप्पा जायचे. आल्यावर आप्पा विचारायचे, "काय गेलं?" आणि काका सांगायचे. सुरुवातीला तेवढंच. हळूहळू काय गेलंच्या पुढे पाऊस, सोयाबीनचा भाव, कपिलधारच्या जत्रेला कोण कोण निघालंय, असं काहीबाही यायला लागलं. एकदा मी गावी आले असताना आप्पा नेहमीपेक्षा लवकर परतले, आणि काका गादीवरून न हलता म्हणाले, "एवड्यात आलास कावून बे? जा, पारापोतर जाऊन ये." मी मागच्या दारात उभी होते. तो बे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी आईला हाक मारून ते सांगितलं. आई म्हणाली, "मला न्हाई का कान?"

गल्लीनं हे बघितलं आणि उचललं. बसणाऱ्या गटातली माणसं चालणाऱ्यांच्या गाद्या राखायला लागली. गादीही भरलेली आणि चालणाराही मोकळा. चालणारे आता पारापर्यंत जाऊन यायचे आणि चहा बसणाऱ्यांच्या वाट्याला यायचा. सरांना कळवलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, बसणारे बसलेलेच आहेत ना, मग लिहा तसं. मी लिहिलं. माझ्या प्रबंधातला तो परिच्छेद परीक्षकांनी दोनदा वाचायला लावला आणि दोन्ही वेळा ते हसले.

दिवाळीच्या आधी आप्पा एक दिवस दुकान बंद ठेवून केजला जाऊन आले. मी सुट्टीला आले होते. एसटीतून उतरून ते घरी आले नाहीत. सरळ काकांच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई टोचायची."

काकांनी मापाची पट्टी खाली ठेवली. "मंग चालत ऱ्हा की," ते म्हणाले, "थांबलास कावून?" आणि उपरण्यानं डोळे पुसले. आप्पांनीही पुसले. भर बाजारात, गिऱ्हाइकांपुढे.

अभ्यास संपला तेव्हा देवळात छोटा कार्यक्रम ठेवला. सर येणार म्हणून आप्पांनी फेटे आणले होते आणि फेटे बांधणाऱ्यालाही बोलावलं होतं. माईक नव्हता. फेटेवाला सरांकडे निघाला, तेव्हा आप्पांनी त्याचा हात धरला. त्याच्या हातातला फेटा स्वतः घेतला आणि काकांपुढे जाऊन उभे राहिले. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आप्पांना फेटा बांधता येत नव्हता, तो डाव्या कानावर कलत होता, पण त्यांनी फेटेवाल्याला जवळ येऊ दिलं नाही. सरांना दुसरा फेटा मिळाला आणि आपण दुसरे आहोत, हे त्यांना कळलंही नाही. काकांनी तो कललेला फेटा दुकान बंद होईपर्यंत डोक्यावर ठेवला होता.

त्यानंतर अभ्यास उरला नाही, पण त्यांचं ते चालू राहिलं. चालण्याचा फायदा बसणाऱ्या गटालाही द्यायचा असतो, म्हणून मी काकांना चालायला सांगितलं. ते थोडे दिवस गेले, आप्पा त्यांच्या गादीवर बसले. मग काकांचे गुडघे बोलायला लागले. "माजी चिठ्ठी बसायचीच व्हती," ते मला म्हणाले. "तुज्या बापाला चालू दे." अशी कितीतरी वर्षं गेली. मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं. गल्लीतल्या गाद्या एकेक करून गेल्या, काचेचे काउंटर आणि फिरत्या खुर्च्या आल्या. काकांच्या मुलानंही तसंच केलं. काका मग दिवसाचा बराच वेळ आमच्याच गादीवर बसायला लागले, कारण बसायला दुसरी गादी उरली नव्हती.

काका गेले ते झोपेतच. मी माती द्यायला पोहोचले. आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत देतात. काकांना बसवलं होतं, गळ्यात हार, कपाळाला विभूती. आप्पा त्यांच्याकडे बघत म्हणाले, "गादीवर बसायचा तसाच बसलाय." आणि लहान मुलासारखे रडले. मी त्यांना असं रडताना आधी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर आप्पांनी चालणं सोडलं. भावानं किती सांगितलं, दुकान बंद करा आणि पुण्याला चला. ते ऐकेनात. सकाळी गादीवर बसत ते रात्री उठत. काही महिन्यांनी आईचा फोन आला, "तुजे आप्पा उठंनात. डाक्टर पुन्ना सुईचं बोलायलाय." आईला मी इतकं घाबरलेलं ऐकलं नव्हतं. मी रजा टाकून गावी आले.

दुपार होती. त्यांचं जेवण झालं होतं, ताट अजून समोरच होतं. पांढरी चादर, लोड, गल्ला. आता सगळ्या गल्लीत ही एकच गादी राहिली होती. मी खांबाच्या बुडाशी चपला काढल्या.

"उठा आप्पा," मी म्हटलं. "मी बसते."

लेकीनं बसायचं नाही, हे ते आता म्हणतील म्हणून मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. आप्पांनी गल्ल्यावर हात टेकला आणि उठले. खांबाला धरून थोडे थांबले. चपला शोधून घातल्या आणि निघाले. मागच्या दारात आई उभी होती. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

मी मांडी घातली. जन्मल्यापासून मी ती गादी बघत होते, पण तिच्यावरून कधी काही बघितलं नव्हतं. तिथं बसल्यावर गल्ली दिसतच नाही. डाव्या उजव्या भिंती आडव्या येतात, पार दिसत नाही, देऊळ दिसत नाही, जाणारं येणारं माणूस दोन पावलांपुरतं दिसतं आणि जातं. समोर फक्त एक दुकान दिसतं, आणि त्यात जिथं काका बसायचे ती जागा. ते दोघं बोलत नव्हते त्या सगळ्या वर्षांत सकाळपासून रात्रीपर्यंत आप्पांच्या नजरेसमोर तेवढंच होतं. आणि काकांच्या नजरेसमोर आप्पा. मला हे तेव्हा कळलं, आणि मी गिऱ्हाइकाला पोहे तोलून देत असताना माझे डोळे भरून आले. त्या बाईनं विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, मिरचीचं पोतं उघडंय.

आप्पा बऱ्याच वेळानं आले. घामेजले होते, चेहरा जरा उजळला होता. खाली वाकून चपला काढता काढता त्यांनी सवयीनं विचारलं, "काय गेलं बे?"

विचारून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि गादीवर मी दिसले.

"पोहे गेले," मी म्हटलं. "आणि दोन किलो साखर."

आप्पा काढलेली एक चप्पल तशीच ठेवून उभे राहिले. मग ती त्यांनी पुन्हा पायात घातली.

"पारापोतर आनखी एकदा जाऊन येतो," ते म्हणाले. "तू बस."